गोठ्याची मागची भिंत

डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, "माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खाते का ही?" आणि मी म्हणालो होतो, "छे, छे. आमच्याकडं तसलं काही नाही." ते खोटं होतं. तीन आठवड्यांपूर्वीच मी माझ्या मुलीला गोठ्याच्या मागच्या भिंतीची माती चमच्यानं खरवडून खाताना पाहिलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या बहिणीला नाही. मुलीला सांगायचा प्रश्नच नाही. ती माझ्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. माझं 'छे, छे' ऐकून तिनं मान खाली घातली.

मी फार बोलणाऱ्यातला नाही. बारामतीजवळच्या पणदऱ्याच्या पुढं आमची वस्ती आहे. ऊस आहे, अठरा गाई आहेत, आणि रस्त्याला लागून पशुखाद्याचं दुकान आहे. लग्नात, पारावर मी कोपरा धरून बसतो. पण एका विषयावर माझं तोंड सुटतं, तो म्हणजे जनावराचं खाणं. त्यातही खनिज मिश्रण. चारा कितीही टाका, पेंड कितीही घाला, त्यात चिमूटभर जस्त, तांबं, लोह नसेल तर गाय नुसती फुगते, भरत नाही, हे मी गेली वीस वर्षं गल्ल्यामागून सांगत आलोय. आमच्या गोठ्यात एक फळा टांगलेला आहे. त्यावर अठरा गाईंची नावं. रोज सकाळी प्रत्येक गाईच्या पुढ्यात मापानं मिश्रण टाकायचं आणि तिच्या नावापुढं खडूनं रेघ मारायची. ताप असला तरी ही रेघ मी चुकवलेली नाही.

दुकानात माणसं येतात ती बहुतेक एकच तक्रार घेऊन.

"तात्या, आमची गाय लई चावट झालीया. दावं चघळती, चपला खाती. काल तर माझी बनियन गिळली."

"धुतलेली होती का?"

"न्हाय."

"मग मीठ पाहिजे हाय तिला. मिश्रणाची पिशवी ने, रोज मापानं घाल. बनियन काय परत मिळायची न्हाय."

लोक हसतात, पिशवी नेतात, महिन्यानं येऊन सांगतात की गाय सुधारली. जनावर भिंत चाटायला लागलं, माती खायला लागलं, तर त्याला मारायचं नसतं. त्याच्या अंगात काहीतरी कमी पडलेलं असतं. आमच्या भागातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत आहे.

गेल्या वर्षी गोठा बदलला तेव्हा तीन बाजूंनी लोखंडी पाइप टाकले, पण मागची भिंत जुनीच ठेवली. कच्च्या विटांची, मातीनं लिंपलेली, थंड. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिला एका जागी खळगा पडलेला दिसला. तिथं एक पहिलारू, पहिल्यांदाच व्यायलेली गाय बांधलेली असायची. मी लगेच ओळखलं. दुसऱ्याच दिवशी दुकानातून खनिजाची चाटण-वीट आणून तिच्या तोंडापुढं टांगली. गाय वीट चाटायला लागली, पण खळगा वाढतच होता. मी गाय तिथून हलवली, पलीकडं बांधली. तरी खळगा वाढला. मग मी उंदरांवर संशय घेतला. भिंतीवर सरळ, बोटाएवढ्या रुंदीचे ओरखडे होते आणि ते माझ्या छातीच्या उंचीवर होते. गाईची जीभ तसं खरवडत नाही, आणि उंदीर छातीएवढा उंच नसतो. इतकं सगळं डोळ्यांपुढं असून मी आणखी एक चाटण-वीट आणून टांगली. मुलीच्या भुकेवर मी गाईला औषध देत होतो.

मग एका दुपारी बायको बचत गटाच्या बैठकीला गेली असताना मी पाण्याची मोटर बघायला गोठ्यामागं गेलो. मुलगी भिंतीकडं तोंड करून उभी होती. हातात चहाचा चमचा. भिंतीवर पाणी शिंपडलेलं. ती ओली माती खरवडून तोंडात घालत होती आणि अर्धवट डोळे मिटून, सावकाश चावत होती. शेणामुताच्या वासात, माश्यांत. माझी पावलं वाजली तेव्हा ती वळली. ओठांच्या कोपऱ्यांत तपकिरी लगदा होता.

"काय खातीयेस?"

"काही न्हाय, पप्पा." बोलताना दात दिसले. दातांवरही तेच.

मला किळस आली. काळजी नाही, धक्का नाही, किळस. मी भिंतीला हात टेकला. ही माझी वीस वर्षांची मुलगी, कॉलेजात जाणारी, पोलीस भरतीची तयारी करणारी, आणि तिच्या तोंडात गोठ्याची भिंत. मी तिच्या हातावर फटका मारला. चमचा शेणात पडला.

"जनावर हायस का तू?"

ती रडली नाही. हळू आवाजात म्हणाली, "थांबवता येत न्हाय, पप्पा. पाणी मारल्यावर वास येतो ना, तेव्हा तर अजिबात न्हाय येत."

"कुणाला बोललीस तर बघ. लोक थुंकतील तोंडावर."

ती खरंच जनावर असती तर त्याच मिनिटाला मी तिच्यापुढं मिश्रणाचं माप ओतलं असतं. ती माझी मुलगी होती, म्हणून मी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि भिंतीला वरपासून खालपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला. बायकोनं विचारलं, "आत्ताच केलाय ना गोठा, परत कशाला?" मी म्हणालो, "गाय खाती भिंत."

माझ्या डोक्यात तेव्हा काय होतं ते लिहितो. आमच्या घरात खायला कमी आहे असं कुणी म्हणावं, हेच मला सहन होण्यासारखं नव्हतं. आणि कमी नव्हतंही. कारखान्याची सभासदाची साखर घरात पोत्यानं येते, आणि आलेली साखर संपवायचीच असते असा आमच्याकडं जणू नियम आहे. चहा पाकासारखा. पाहुणा आला की शिरा. त्यात मुलीनं भरतीचं मनावर घेतलं, बारामतीला एका अकादमीत पळायला जायला लागली, तेव्हा मी तिच्या खाण्याची जबाबदारी स्वतःकडं घेतली. पळायचं तर खायला पाहिजे, एवढंच माझं शास्त्र. सकाळी दुधात चॉकलेटची पूड आणि वर साखर. दोन केळी. लोणी लावलेले पाव. येताना बेकरीतून खारी आणि क्रीमरोल. दुपारी चाळलेल्या पांढऱ्या पिठाच्या पोळ्या आणि बटाटा. संध्याकाळी अकादमीच्या कोपऱ्यावर मांचुरियन, म्हणजे लाल रंगात बुडवलेले मैद्याचे गोळे, त्यावर पांढरं मेयोनीज. रविवारी कोंबडी, तीही तळलेली. डब्यात तूप-साखरेचे लाडू. मी स्वतः वळायचो.

आता त्या लाडवाची आठवण आली की माझ्या हाताला तुपाचा जुना, खवट वास येतो. हात धुतले तरी जात नाही.

तिचं वजन वाढलं. गाल वर आले. येणारा-जाणारा म्हणायचा, खात्यापित्या घरची पोरगी दिसते. मला ते ऐकायला बरं वाटायचं.

हिरवं म्हणाल तर घरात टूथपेस्टचा खोका हिरवा होता. पूर्वी उसात खुरपणाऱ्या बाया दुपारी ओच्यात तांदुळजा, घोळ, पाथरी असल्या रानभाज्या घेऊन बांधावर यायच्या, त्यातली एक मूठ आमच्या घरी पडायची. आता उसात खुरपण नाही. तणनाशक मारलं की पंधरा दिवसांत सरीत पिवळं, कुजकं गवत लोळत पडतं आणि नंतर तेही नाही. मारणारा मीच. भाजी लोखंडी कढईत काळी पडते म्हणून कढई बायकोनं भंगारवाल्याला दिली, बदल्यात प्लास्टिकचं घमेलं आलं. तेव्हा मीच म्हणालो होतो, बरं झालं, ती काळी भाजी बघवत नव्हती.

तर, भिंतीला गिलावा झाल्यावर तीन आठवड्यांनी अकादमीतून फोन आला. मुलगी पळता पळता मैदानात मटकन खाली बसली होती, छाती धडधडत होती. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो आणि तिला बारामतीतल्या एका डॉक्टरबाईंकडं नेलं. बाईंनी तिची खालची पापणी ओढून बघितली. मीही बघितली. आतून पांढरी. उसाला लोह कमी पडलं की पान असंच पांढरट पिवळं होतं, आम्ही म्हणतो केवडा पडलाय. रस्त्यानं जाताना मोटारसायकल न थांबवता मी दुसऱ्याच्या रानातला केवडा ओळखतो. ती पापणी रोज माझ्यासमोर जेवायला बसत होती.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन आठ भरलं. बाई आमच्याकडं वळून म्हणाल्या, "पाळी, झोप, सगळं विचारलं. आता एक विचारते." आणि मग तो प्रश्न.

मुलीनं माझ्याकडं बघितलं. लपव म्हणून नव्हे. सांगू का, असं विचारणारं ते बघणं होतं. बायको शेजारी बसलेली. मुलीनं किंवा मी 'हो' म्हटलं असतं तर बायकोनं विचारलं असतं कधीपासून, कुठं, तुम्हाला कधी कळलं. म्हणून मी 'छे, छे' म्हणालो. वर हसलो. "खात्यापित्या घरची आहे, बाई. लाडू वळून घालतो मी."

बाईंनी कागदावर 'नाही' लिहिलं. लोहाच्या गोळ्या दिल्या. उपाशीपोटी लिंबू-पाण्याबरोबर घ्यायच्या, चहा-दुधाबरोबर अजिबात नाही, असं दोनदा बजावलं.

बाहेर आल्यावर मी गाडी घराकडं न वळवता भिगवणला घेतली. मासे खाल्ले की रक्त भरतं, असं मी जाहीर केलं. खरं तर मला तिघांनाही काहीतरी खायला घालून गप्प करायचं होतं. हायवेच्या हॉटेलात सकाळपासून तापत असलेल्या काळ्या तेलात मासे तळून आले. रश्श्यावर बोटभर लाल तवंग. मुलगी काटे काढत बसली. मी तिच्या ताटात वाढत होतो, आणखी वाढत होतो, थंड पेयाची बाटली मागवली, वर आइस्क्रीम. पंख्याच्या वाऱ्यानं माझ्या ताटातलं तेल घट्ट होऊन बसलं. त्यात अडकलेली माशी पाय हलवत होती आणि मी तिच्या बाजूनं घास घेत होतो.

बायको म्हणाली, "अहो, गोळी आत्ताच देऊ का? जेवण तर झालंय."

"दे की."

आंब्याच्या मिल्कशेकबरोबर पहिली गोळी गेली. पुढंही तसंच चाललं. उपाशीपोटी घेतली की मुलीला मळमळायचं, म्हणून बायको दुधाबरोबर द्यायला लागली. लोहाच्या फवारणीच्या पंपात चुना पडला की तळाशी गाळ बसतो, पिकाला काही लागत नाही, हे मी दिवसातून दहा गिऱ्हाइकांना सांगतो. घरात दुधाच्या ग्लासाशेजारी ती लाल गोळी मी रोज बघत होतो. बोललो नाही. डॉक्टरचा विषय निघाला की मला तो प्रश्न आठवायचा, म्हणून मी तो विषयच निघू देत नव्हतो.

त्याच महिन्यात अंथुर्ण्याला जनावरांचं शिबिर होतं. माझी थोरली बहीण तिथं दिलेली आहे, आम्ही तिला आक्का म्हणतो. मला माइकवर बोलावलं. मी म्हणालो, "जनावर तोंडानं सांगत न्हाय. ते भिंत चाटतं, माती खातं. त्याला काय कमी पडलंय ते मालकानं ओळखायचं असतं." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूला आक्काही टाळ्या वाजवत होती. नारळ-शाल घेऊन मी खाली उतरलो, ती शाल घरी आणली, घडी घालून कपाटात ठेवली.

भरतीचा दिवस आला. आठशे मीटर पळायचं होतं. मुलींच्या वडिलांना फाटकाच्या बाहेर थांबवलं होतं. जाळीतून दिसत होतं. पहिली फेरी तिनं बरी मारली. दुसऱ्या फेरीत ती मागं पडत गेली, मग चालायला लागली, मग तोंडावर पडली. उठली, पुन्हा पळाली. रेषा ओलांडली, पण तोवर वेळ निघून गेली होती. छातीवरचा नंबर तसाच ठेवून, गुडघे फुटलेले, ती बाहेर आली.

"सॉरी, पप्पा."

मी काय म्हणालो? "खाऊन खाऊन आळशी झालीस." हे माझे शब्द. ती गाडीत बसली. वाटेत मी गाडी थांबवून तिला दोन वडापाव घेऊन दिले. तिनं ते खाल्ले. मी बघत होतो म्हणून खाल्ले.

पंधरा दिवसांनी आक्का राहायला आली. आक्का शिकलेली नाही, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. दुपारी आत्या-भाची तांदूळ निवडत बसल्या होत्या आणि मी पलीकडं सोप्यात दुकानाची बिलं लावत होतो.

"आगं, खडं काढून टाकायचं असत्यात. तू तर तांदूळच गिळाय लागलीस."

"असंच गं, आत्या."

थोडा वेळ गेला. मग कडकड असा आवाज.

"काय चावतीयास? तोंड उघड. उघड म्हणते ना."

मुलीच्या तोंडातून माठाच्या खापरीचा तुकडा निघाला. आक्कानं तिची कॉलेजची पिशवी पालथी केली. वह्यांबरोबर रुमालात बांधलेली मूठभर खापरं बाहेर पडली, लाल, कडा झिजलेली. भिंत मी बंद केली होती. तिनं दुसरं शोधलं होतं.

"पोटुशी बाई बी एवढं खात न्हाय," आक्का म्हणाली. तिनं पोरीची पापणी ओढली, नखं बघितली. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, बघितलं आणि तोंडाला पदर लावला. मग आक्का माझ्याकडं वळली.

"आरं, आमच्या गावात माईकवर काय बोलला हुतास? मालकानं ओळखायचं असतं. गाईंचा मालक हायस, मग हिचा कोन हायस?"

मी म्हणालो, "मला काय माहीत, आक्का." आणि बिलं गोळा करायला लागलो. हे दुसरं खोटं. एकदा बोललेलं खोटं पुन्हा बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत. तोंडाला सवय होते, साखरेची होते तशी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच डॉक्टरबाई. या वेळी रक्त सहावर आलं होतं. आक्कानं खापरांचा रुमालच टेबलावर ठेवला. बाईंनी जुना कागद काढला. त्यावरचा 'नाही' त्यांनी बोटानं दाखवला.

"मी विचारलं होतं मागच्या वेळी. मातीनं गोळ्यांचं लोह अंगाला लागत नाही, पोटात जंत होतात. तेव्हाच सांगितलं असतं तर वेगळं औषध दिलं असतं. ही वेळ आली नसती."

मी घसा खाकरला. बोलणार होतो, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. पण त्या आधीच मुलगी म्हणाली,

"मीच लपवलं, मॅडम. लाज वाटली. पप्पांना पण माहीत नव्हतं."

"असं लपवायचं नसतं गं. वडिलांना तरी सांगायचं."

"हो, मॅडम."

समोरच्या भिंतीवर दात कसे घासावेत याचं चित्र होतं. मी ते संपूर्ण वाचलं. वरचे दात वरून खाली, खालचे दात खालून वर. ते सगळं अजून पाठ आहे.

बाई आम्हाला सगळ्यांनाच म्हणाल्या, "खाणं रग्गड आहे हो तुमच्याकडं. पण साखर, मैदा, तेल. बाकी त्यात आहे काय? ही जाडजूड दिसते म्हणून कुणाला शंकाच आली नाही." मग जंताचं औषध झालं, दोन वेळा सलाइनमधून लोह दिलं. त्या बाटलीतलं काळपट पाणी थेंबाथेंबानं तिच्या हातात उतरत होतं आणि मी खाटेशेजारी बसून होतो. खिशात तिच्यासाठी आणलेलं चॉकलेट वितळून कापडाला चिकटलं होतं. ते काढून कुठं टाकावं कळेना. मीच खाल्लं.

घरी आल्यावर बायकोनं एकदाच विचारलं. "तुम्हाला काहीच कळलं नव्हतं? भिंत तर तुम्हीच लिंपून घेतली."

"गाय खात होती."

ती पोळ्या लाटायला गेली. पुन्हा तिनं विचारलं नाही.

त्या संध्याकाळी मी गोठ्यामागं गेलो. गिलाव्याच्या पायथ्याशी जुन्या मातीची दोन-चार ढेकळं पडली होती. एक उचललं, पाणी लावलं, तोंडात घातलं. कुणी सांगितलं नव्हतं. आधी वास बरा वाटला, हे कबूल करतो. मग कचकच, मग शेणाची आणि मुताची खारट तुरट चव, जिभेच्या मुळाशी बसलेली. मी ओकलो. दुपारचं जेवण बाहेर पडलं: पोळी, बटाटा, गोड चहा, सगळा एकच पांढरा लगदा, आणि त्यात मातीचा तेवढा एक रंग. पहिलारू गाय रवंथ करत माझ्याकडं बघत होती. तिच्या पुढ्यात मिश्रण होतं. फळ्यावर तिची रेघ होती.

आता घरात बरंच बदललंय. आक्कानं तिच्याकडची लोखंडी कढई आणून दिली, तिच्यात भाजी काळी होते आणि आम्ही ती काळी भाजी खातो. बांधाकडेची दोन गुंठे जागा मी तणनाशकावाचून सोडली आहे, तिथं तांदुळजा उगवतो, शेपू लावलाय. बाजरीची भाकरी परत आली. गोळ्या लिंबू-पाण्याबरोबर. दोन-अडीच महिन्यांत मुलीची मातीची ओढ आपोआप गेली. तीच एकदा आईला सांगत होती, "आता पावसाचा वास आला तरी काही वाटत न्हाय." पापणी आतून लाल झाली. सकाळी ती पुन्हा मैदानावर जाते. पुढच्या भरतीत वय बसतं तिचं.

मी मात्र बेकरीवरून गेलो की अजून खारी घेतो. गाडीतच खातो, खिडकी बंद करून, आणि घरी यायच्या आधी मांडीवरचा चुरा झटकतो. इतकं होऊनही. माझ्या पोटाकडं, माझ्या गोड झालेल्या तोंडाकडं बघून मला जी किळस येते ती त्या दुपारी तिच्याकडं बघून आलेल्या किळसेपेक्षा मोठी आहे. तिच्या तोंडात माती होती. तिच्या अंगाला काहीतरी हवं होतं म्हणून होती. माझ्या तोंडात जे आहे ते कशालाच नको आहे.

ती माझ्याशी पहिल्यासारखीच वागते. "पप्पा, जेवलात का?" विचारते. तो विषय तिनं कधीच काढला नाही, आईपुढं नाही, एकटं असतानाही नाही. डॉक्टरबाई दर भेटीत तिला हसत दटावतात, "काही लपवत नाहीस ना आता?" आणि ती हसून म्हणते, "नाही, मॅडम." मी शेजारच्या खुर्चीवर असतो. आमच्या घरात आणि त्या कागदावर लपवणारी तीच ठरली आहे. आईनंही तिला बोलून घेतलं, आत्यानंही घेतलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

हे इथं लिहिलं म्हणजे झालं, असं नाही. कागदाला सांगणं सोपं असतं. पुढच्या तपासणीला आम्ही चौघं पुन्हा तिथं जाणार आहोत. हिनं लपवलं नव्हतं, मी लपवलं, मला भिंतीपासून सगळं माहीत होतं, एवढं वाक्य मी माझ्या मुलीला, तिच्या आईच्या, आत्याच्या आणि त्या डॉक्टरबाईंच्या समोर, देणं लागतो. अजून दिलेलं नाही.